अंटार्क्टिकाला जायचंय? आधी जहाजावर माणसं किती ते विचारा

नमस्कार काका. तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ६६ वर्षांचे, काकू ६२. तुम्ही अजून गड चढता, पण मधुमेह आहे. काकूंचे गुडघे दुखतात. एजंटने अंटार्क्टिकासाठी दोन जहाजं सुचवली आहेत. एक साडेचारशे प्रवाशांचं, पोहण्याचा तलाव आणि चार-पाच रेस्टॉरंट असलेलं. दुसरं जुनं, १२० प्रवाशांचं, खोल्या लहान. भाडं जवळपास सारखंच. कोणतं घ्यावं, ड्रेक पॅसेज हा वाटेतला खवळता समुद्र सोसवेल का, भारताचं ‘मैत्री’ संशोधन केंद्र बघायला मिळेल का, हे तुम्ही विचारलंय. आणि मुलगी म्हणते, ‘तुमच्यासारखे लोक गेल्यानेच तिथला बर्फ वितळतो’, त्यावर माझं मतही.

मी मालवणची. सागरी जीवशास्त्र शिकले आणि गेले अकरा हंगाम या जहाजांवर निसर्ग-मार्गदर्शक म्हणून काम करते, झोडियॅक चालवते. झोडियॅक म्हणजे जहाजावरून किनाऱ्यावर नेणारी रबरी फुगीर होडी. तुमचा पहिला प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर जास्त लिहिते.

अंटार्क्टिकात एका वेळी एका जागी शंभराहून जास्त प्रवासी उतरवता येत नाहीत. काही नाजूक जागी ही मर्यादा आणखी कमी आहे. दर वीस प्रवाशांमागे एक मार्गदर्शक लागतो, आणि एका जागी एका वेळी एकच जहाज. पाचशेपेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजाला तर कुणालाच उतरवता येत नाही. त्या सहलीत लोक डेकवरून किनारा बघतात आणि परत येतात. जाहिरातीत त्याला ‘सीनिक क्रूझिंग’ म्हणतात. हे दोन शब्द दिसले की थांबा, आणि ‘किनाऱ्यावर उतरवणार का’ हे लेखी विचारून घ्या.

आता तुमच्या दोन जहाजांचा हिशेब करू. समजा सकाळी साडेतीन तास हातात आहेत. १२० जणांच्या जहाजावर शंभर जण किनाऱ्यावर आणि वीस जण होडीतून हिमनगांमध्ये, मग अदलाबदल. प्रत्येकाला अडीच-तीन तास आरामात मिळतात. साडेचारशेच्या जहाजावर पाच गट पडतात. प्रत्येकाच्या वाट्याला पाऊण तास, फार तर तास. त्यातही पाचव्या गटाची पाळी साडेअकराला असते आणि वारा अकराला सुटतो. वारा सुटला की आम्ही पहिल्यांदा किनाऱ्यावरच्यांना परत आणतो; जहाजावर बूट घालून उभे असलेले तसेच राहतात. त्यांचे चेहरे बघणं हा माझ्या कामातला सगळ्यात नकोसा भाग आहे.

तेव्हा तुम्ही पैसे मोजता ते खोलीचे किंवा जेवणाचे नाहीत, किनाऱ्यावरच्या तासांचे. ते तास लहान जहाजावर जास्त मिळतात. माझं उत्तर १२० वालं जहाज.

पण काकूंच्या गुडघ्यांमुळे एक अट घालते. जुन्या जहाजांना लिफ्ट असेलच असं नाही, आणि झोडियॅकमध्ये उतरायला बऱ्याचदा जहाजाच्या अंगाला लागलेली लांब, उतरती लोखंडी शिडी असते. नव्या जहाजांना पाण्याच्या पातळीजवळ बाजूचा दरवाजा असतो, तिथून दोन-तीन पावलांत होडीत जाता येतं. एजंटला नेमकं विचारा: लिफ्ट आहे का, आणि होडीत चढायला शिडी आहे की दरवाजा? एजंटला माहीत नसेल तर त्याने कंपनीकडून विचारून सांगावं. दरवाजा नसेल, तर दोनशेच्या आत प्रवासी असलेलं नवीन जहाज शोधा, थोडे पैसे जास्त पडले तरी. दोनशे हा आकडा उगाच नाही सांगत. तिथपर्यंत सगळ्यांना दोन पाळ्यांत उतरवता येतं: अर्धे किनाऱ्यावर, अर्धे होडीत.

होडीत चढणं कसं असतं ते सांगते, म्हणजे काकूंना मनात तयारी करता येईल. खाली होडी लाटेबरोबर वर-खाली होत असते. खलाशी हात पुढे करतो तेव्हा पंजा द्यायचा नाही. एकमेकांच्या कोपराखाली, मनगटाजवळ घट्ट धरायचं. पंजे सुटतात, मनगटं सुटत नाहीत. हातात काही नको, कॅमेरा बॅगेत, बॅग पाठीला. होडी वर आली की खलाशी ‘आता’ म्हणतो, एक पाऊल फुगीर कडेवर, दुसरं तळावर, आणि लगेच कडेवर बसायचं. होडीत दहा-एक जण समोरासमोर बसतात. किनाऱ्यावर पोचल्यावर कडेवरून घसरत पुढे यायचं, पाय बाहेरच्या बाजूला फिरवायचे आणि घोटाभर ते गुडघ्याच्या खालपर्यंतच्या पाण्यात उतरायचं. रबरी बूट जहाजावरून मिळतात. आमच्यातले दोघे कमरेइतक्या पाण्यात होडी धरून उभे असतात. सत्तरीच्या, ऐंशीच्या कितीतरी बायकांना मी असं उतरवलंय. ज्यांना घाई नसते त्यांना काही होत नाही.

दिवसांचा हिशेबही नीट करा. बहुतेक जहाजं अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाच्या उशुआयातून सुटतात. तिथून ड्रेक पॅसेज ओलांडायला जाताना दोन दिवस, येताना दोन दिवस. म्हणजे ‘दहा दिवसांची सहल’ असं लिहिलेलं असेल तर चढण्या-उतरण्याचे दिवस धरून हातात चार, फार तर साडेचार दिवस उरतात. दिवसाला दोनदा उतरायचा बेत असतो. त्यातले एक-दोन हवेपायी जाणार, हे धरूनच चाला. माझ्या मते अकरा-बारा दिवसांच्या खाली जाऊ नये. एवढ्या लांब जाऊन एक दिवस वाचवण्यात शहाणपण नाही. चिलीच्या पुंता अरेनासहून विमानाने दोन तासांत अंटार्क्टिकातल्या किंग जॉर्ज बेटावर उतरून तिथून जहाज धरण्याचीही सोय आहे. ड्रेक टळतो, पण विमान धुक्यावर अवलंबून असतं, आणि धुकं एक-दोन दिवस बसलं तर तेवढी सहल कमी होते. ज्यांना समुद्र खरोखरच सोसत नाही त्यांनीच तो पर्याय घ्यावा.

साउथ जॉर्जिया बेट जोडलेली वीस-बावीस दिवसांची सहलही असते. लाखो राजा पेंग्विन आणि ग्रित्विकेनला ध्रुवीय संशोधक शॅकल्टनची कबर. परवडत असेल तर त्याला तोड नाही. पण त्यात समुद्रावरचे दिवस पुष्कळ, म्हणून पहिल्याच वेळी तुम्हाला सुचवत नाही.

महिना कोणता? हंगाम नोव्हेंबर ते मार्च. नोव्हेंबरात बर्फ कोरा असतो आणि पेंग्विन घरट्यासाठी खडे गोळा करत असतात, एकमेकांचे चोरतातसुद्धा. पण समुद्रावरच्या बर्फाने काही जागा बंद असतात. डिसेंबरच्या शेवटापासून जानेवारीत पिल्लं बाहेर येतात, उजेड जवळपास वीस तास. फेब्रुवारी-मार्चमध्ये देवमासे भरपूर, पण किनारे चिखलाळलेले, बर्फ गुलाबी-हिरवा. सण-सुट्यांच्या दिवसांत भाडं सगळ्यात जास्त. तुम्हाला मी जानेवारीचा दुसरा पंधरवडा सांगेन. कुणाला फक्त देवमाशांसाठी जायचं असेल तर फेब्रुवारीचा शेवट.

ड्रेक पॅसेजची भीती लोकांना व्हिडिओ बघून बसते. दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्या मधला हा साधारण आठशे ते हजार किलोमीटर रुंद पट्टा. इथे पृथ्वीभोवती फिरणाऱ्या वाऱ्याला आणि लाटांना जमिनीचा अडसर नाही, म्हणून समुद्र उग्र. तरी बहुतेक फेऱ्यांत मी तीन-चार मीटरच्या लाटा पाहिल्यात. कधी तो तळ्यासारखा शांत असतो. आठ-नऊ मीटरच्या लाटाही पाहिल्या आहेत, आणि तेव्हा आपल्याकडच्या श्रावणातल्या उधाणाची आठवणसुद्धा येत नाही, एवढा तो वेगळा असतो. सुटल्यावर पहिले काही तास जहाज बीगल चॅनलच्या शांत पाण्यात असतं. लोक मजेत जेवतात, गोळी घेत नाहीत, आणि मध्यरात्री उघड्या समुद्रात आल्यावर जागे होतात. तेव्हा गोळी पोटात टिकत नाही. मळमळीची गोळी बीगलमध्ये असतानाच घ्यायची. कोणती, हे निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टी पुष्कळांना लागू पडते, पण काचबिंदू असेल किंवा प्रोस्टेटमुळे लघवीला त्रास असेल तर ती चालत नाही, आणि वयस्कर माणसाला कधी कधी त्याने भ्रम होतो. मी एका गृहस्थांना रात्री दोनला कॉरिडॉरमध्ये ‘स्टेशन आलं का’ विचारताना पाहिलंय. पट्टी काढल्यावर दुसऱ्या दिवशी ते ठीक झाले. घरी असतानाच एकदा लावून बघा.

खोली खालच्या मजल्यावरची आणि जहाजाच्या मधल्या भागातली घ्या. तिथे हेलकावे सगळ्यात कमी आणि भाडंही कमी. चालताना एक हात कायम कठड्यावर. आणि दाराच्या चौकटीवर बोटं ठेवू नका. जहाज एका बाजूला कलतं, जड दार मिटतं. मी पाहिलेल्या दुखापतींत चेंगरलेली बोटं जास्त, पेंग्विनच्या जागी पडलेले कमी.

निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी पाण्याचं तापमान काही तासांत तीन-चार अंशांनी उतरतं. उत्तरेकडचं ऊबदार पाणी आणि दक्षिणेकडचं थंड पाणी तिथे भेटतं. बऱ्याचदा धुकं धरतं, हवेला वेगळाच गारवा येतो, पक्षी बदलतात. त्या वेळी खोलीत पडून राहू नका. मागच्या डेकवर या, भटक्या अल्बाट्रॉसकडे बघा. पंखांचा पसारा साडेतीन मीटरपर्यंत, आणि अर्धा अर्धा तास पंख न हलवता जहाजाबरोबर येतो.

त्याच दिवशी एक काम असतं, ज्याला लोक कंटाळतात आणि मी सगळ्यात जपते. किनाऱ्यावर नेणार ते प्रत्येक जाकीट, टोपी, बॅग, काठी तपासायची. व्हॅक्यूमच्या नळीने खिसे साफ करायचे, व्हेल्क्रोच्या पट्ट्या चिमट्याने वेचायच्या. दोन हंगामांपूर्वी एका मराठी गृहस्थांच्या सॅकच्या व्हेल्क्रोमधून मी एक कुसळ ओढून काढलं. बोटभर लांब, वाळलेलं, टोकाशी पीळ. ते म्हणाले, ‘हे तर राजगडावरचं.’ महिन्याभरापूर्वी तीच सॅक घेऊन ते गडावर जाऊन आले होते. ते कुसळ तळहातावर ठेवून मी सगळ्यांना दाखवलं. अख्ख्या अंटार्क्टिकात फुलं येणाऱ्या वनस्पती दोनच आहेत, एक गवत आणि एक शेवाळासारखी गादी धरणारी. बाहेरचं एक गवत माणसांबरोबर किंग जॉर्ज बेटावर जाऊन रुजलंय आणि ते उपटून काढायला शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं राबलेत. राजगडाचं कुसळ तिथल्या थंडीत कदाचित रुजलं नसतं. पण कुठलं रुजेल, हे आपण ठरवायचं नाही. तेव्हा काका, गडावर नेता ती सॅक घरी ठेवा. नवी घ्या, किंवा जुनी धुऊन, वाळवून, शिवणी उलट्या करून तपासून आणा. बूट तर प्रत्येक फेरीच्या आधी आणि नंतर जंतुनाशकाच्या तबकात बुडवावेच लागतात.

बर्ड फ्लूमुळे हे सगळं आणखी कडक झालंय. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो साउथ जॉर्जियात पोचला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पर्यटक जातात त्या अंटार्क्टिक द्वीपकल्पावर त्याची खात्री झाली. तेव्हापासून प्राण्यांच्या आसपास जमिनीवर बसायचं नाही, गुडघा टेकायचा नाही, आडवं पडायचं नाही, बॅग किंवा काठीसुद्धा खाली ठेवायची नाही. जमिनीला फक्त बुटाचा तळवा लागला पाहिजे. एकदा एका बाईंना दम लागला आणि त्या दगडावर बसायला गेल्या. मला धावत जाऊन त्यांना उभं धरावं लागलं. त्यांना वाईट वाटलं, मलाही. म्हणून आत्ताच सांगते: दोन तास उभं राहायची ताकद कमवा, आणि थकवा वाटला की लगेच मार्गदर्शकाला सांगा. पहिल्या होडीने परत नेतो.

प्राण्यांपासून पाच मीटर अंतर. पेंग्विन स्वतः चालत तुमच्याकडे आला तर जागेवर थांबायचं, वाट त्याची. बर्फात त्यांच्या जा-ये करून खोलगट वाटा पडलेल्या असतात. समुद्रातून पोट भरून पिल्लाकडे निघालेला पेंग्विन त्या वाटेने येतो. तिथे कुणी उभं राहिलं की तो थांबून राहतो, आणि तिकडे पिल्लू उपाशी. दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. मऊ बर्फात आपला पाय गुडघ्यापर्यंत रुततो आणि मागे खड्डा राहतो. पेंग्विन त्यात पडला तर त्याला वर येता येत नाही. म्हणून पाय रुतला की मागे वळून बुटाने बर्फ लोटून तो खड्डा बुजवायचा. मी शेवटच्या होडीने परतायच्या आधी सगळी वाट बघून येते. खड्डे राहिलेले असतात, ते बुजवते.

वासाची कल्पना देते. पेंग्विन क्रिल खातात, कोळंबीसारखा छोटा जीव, आणि त्यांच्या वस्तीला त्याचाच वास. आमच्याकडे वाडीवर सुकट वाळत घातल्यावर येतो तसा, पण दहापट. मला तो घरचा वाटतो. काकूंना त्रास होत असेल तर रुमालावर थोडं निलगिरीचं तेल.

ही ठिकाणं बघायला मिळण्याची शक्यता आहे, खात्री नाही: डिसेप्शन बेट, जिथे जहाज ज्वालामुखीच्या पाण्याने भरलेल्या मुखात शिरतं, १९६७ ते १९७० मध्ये इथे उद्रेक झाले होते; नेको हार्बर, जिथे हिमनदी समुद्रात तुटून पडते आणि लाट येते, म्हणून किनाऱ्यालगत थांबू नका असं आम्ही सांगतो; लेमेअरची अकरा किलोमीटरची अरुंद सामुद्रधुनी; पोर्ट लॉकरॉय, १९४४ चं ब्रिटिश ठाणं, आता वस्तुसंग्रहालय आणि पोस्ट ऑफिस. तिथून नातवंडांना कार्ड टाका. पोचायला कित्येक आठवडे लागतात, पण पोचतं. पत्ता मात्र पिनकोडसकट स्वच्छ इंग्रजीत लिहा.

या यादीवर मन बांधू नका. रोज संध्याकाळी आमचा मोहीमप्रमुख उद्याचा बेत सांगतो, आणि पहाटे पाचला बर्फ किंवा वारा बघून तो बदलतो. एकदा लेमेअरचं तोंड बर्फाने बंद होतं. जहाज वळवलं. लोक हिरमुसले. दुपारी विल्हेल्मिना उपसागरात इंजिन बंद करून होड्या थांबवल्या. आठ-नऊ हंपबॅक देवमासे क्रिलच्या थव्याखाली बुडबुड्यांचं कडं करत होते, मग एकदम तोंडं उघडून वर यायचे. आम्ही कुणी बोलत नव्हतो. होडीभोवती तरंगत्या बर्फाचे तुकडे वितळताना फोडणीतली मोहरी तडतडावी तसा आवाज येत होता. हजारो वर्षांपूर्वी बर्फात दाबली गेलेली हवा सुटत होती. मधूनच देवमाशाचा श्वास, आणि त्याचाही वास सुकटीचाच.

कपड्यांबद्दल लोक फार घाबरतात. द्वीपकल्पावर उन्हाळ्यात तापमान शून्याच्या आसपास, उणे दोन ते अधिक पाच अंश. लडाखच्या हिवाळ्याच्या मानाने काहीच नाही. त्रास वाऱ्याचा आणि पाण्याचा. आत थर्मल, मध्ये फ्लीस, वर पाणी न शिरणारं. सुती काही नको, ओलं झालं की अंगाला बर्फ लागल्यासारखं. जाकीट बहुतेक कंपन्या देतात. वॉटरप्रूफ पॅंट मात्र स्वतःची न्या, चांगली न्या, तिथे काटकसर करू नका. हातमोज्यांच्या दोन जोड्या, गॉगल, आणि सनस्क्रीन जबड्याखालीसुद्धा, कारण बर्फावरून ऊन खालून येतं.

आता तुमचा मधुमेह. किनाऱ्यावर काहीही खायला परवानगी नाही. साखर उतरण्याचा संभव असेल तर पहिल्याच दिवशी जहाजाच्या डॉक्टरांना भेटा, ग्लुकोजच्या गोळ्यांबद्दल सांगून ठेवा. इन्सुलिन घेत असाल तर ते गोठता कामा नये: आतल्या खिशात, अंगाजवळ. किनाऱ्यावर लघवीचीही सोय नाही आणि कुठेही करता येत नाही. दोन तास, कधी तीन. शरीरातलं पाणी कमी करणारी गोळी सकाळी घेत असाल तर वेळ बदलता येईल का, डॉक्टरांना विचारा. औषधं दुप्पट आणि हातातल्या बॅगेत. जहाजावर डॉक्टर आणि छोटा दवाखाना असतो, पण शस्त्रक्रिया होत नाही. गंभीर काही झालं तर हवा साथ देईल तेव्हा किंग जॉर्ज बेटावरून विमानाने न्यावं लागतं, आणि तो खर्च कोट्यवधींच्या घरात जाऊ शकतो. म्हणून विमा. बहुतेक कंपन्या दोन लाख डॉलर किंवा त्याहून जास्त इव्हॅक्युएशनचं, म्हणजे आजाऱ्याला तिथून हलवण्याचं, संरक्षण मागतात. पॉलिसीत ‘अंटार्क्टिका’ समाविष्ट आहे आणि आधीपासूनचा मधुमेह धरलाय, ही दोन वाक्यं विमा कंपनीकडून लेखी घ्या. फोनवरचं ‘हो सर, सगळं कव्हर आहे’ इथे उपयोगाचं नाही.

शाकाहारी जेवणाची काळजी करू नका. बुकिंगच्या वेळी कळवा, मिळतं. लोणचं, मेतकूट नेलंत तर जहाजावर चालेल, पण विमानतळावर ते जाहीर करा. चिलीमार्गे जाणार असाल तर नेऊच नका, तिथे खाण्याच्या वस्तूंबद्दल फार कडक आहेत.

कागदपत्रांत दोन गोष्टी राहतात. पहिली: उशुआयातून जहाज सुटतं तेव्हा तुम्ही अर्जेंटिनाबाहेर गेलात असं धरतात, आणि परत येणं म्हणजे पुन्हा प्रवेश. व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा घ्या. दुसरी: भारत सरकारच्या पीतज्वराच्या (यलो फीव्हर) यादीत अर्जेंटिना आणि ब्राझील आहेत, अदिस अबाबाहून आलात तर इथिओपियाही. प्रमाणपत्राशिवाय परतलात तर सहा दिवस विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रावरच मिळते आणि दहा दिवसांनी लागू होते. साठीनंतर ती देताना डॉक्टर जास्त विचार करतात, म्हणून ही गोष्ट शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. देता येत नसेल तर तसं वैद्यकीय पत्र घ्यावं लागतं, आणि ते चालेल का हे आधीच विचारून ठेवा.

उशुआयात दोन दिवस आधी पोचा. ब्युनोस आयर्समध्ये आंतरराष्ट्रीय विमान एका विमानतळावर उतरतं आणि उशुआयाचं बऱ्याचदा शहराच्या दुसऱ्या टोकाच्या विमानतळावरून सुटतं. देशांतर्गत विमानात सामानाची मर्यादाही कमी, बऱ्याचदा पंधरा किलो. मागे एका जोडप्याची बॅग वाटेत राहिली. ते सुटायच्या दिवशी सकाळी पोचले होते. जहाज कुणासाठी थांबत नाही. त्यांनी अकरा दिवस आमच्या सगळ्यांकडून उसने घेतलेल्या कपड्यांत काढले.

खर्च: तिघांत मिळून घेतलेल्या खोलीपासून सुरुवात केली तरी जहाजाचं भाडं माणशी सात-आठ हजार डॉलरपासून. विमान, विमा, हॉटेल, व्हिसा, वर टिप धरून माणशी दहा ते पंधरा लाखांची तयारी ठेवा.

‘मैत्री’ दिसणार नाही. पर्यटक जातात तो द्वीपकल्प दक्षिण अमेरिकेसमोर आहे. ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही आपली केंद्रं पूर्व अंटार्क्टिकात, हजारो किलोमीटर दूर. आपले शास्त्रज्ञ केप टाउनमार्गे जातात. तरी तुम्हाला याबद्दल ओढ आहे हे वाचून बरं वाटलं. पहिली भारतीय मोहीम ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याहून निघाली, सागरशास्त्रज्ञ डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली, आणि ९ जानेवारी १९८२ ला तिथे उतरली. आजही या सगळ्या कामाची राष्ट्रीय संस्था गोव्यातच, वास्कोला हेडलँड सड्यावर आहे.

मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मी टाळणार नाही. तिचं म्हणणं खरं आहे. एवढ्या लांबचं विमान आणि वर जहाज, याचा धूर लहान नाही. जहाजांची काजळी बर्फावर बसून तो लवकर वितळतो, हे मोजलं गेलंय. एका हंगामात आता लाखाच्या वर पर्यटक येतात. ‘तिथे जाऊन लोक अंटार्क्टिकाचे रक्षक होतात’ असं कंपन्या सांगतात. काही होतात, बरेच होत नाहीत. मी स्वतः त्या जहाजांवर काम करते आणि हे ओझं घेऊन करते. द्वीपकल्पाच्या पश्चिम बाजूला अडेली पेंग्विनच्या वस्त्या माझ्या डोळ्यांदेखत विरळ होताहेत आणि कमी बर्फात निभणारे जेंटू जातीचे पेंग्विन त्यांच्या जागा घेताहेत. जायचं की नाही, हे तुम्ही आणि ती मिळून ठरवा. गेलात तर एकदाच जा, पुरेसे दिवस जा, कमी माणसांच्या जहाजाने जा. जाताना तिचा हा प्रश्न जहाजावरच्या शास्त्रज्ञाला विचारा आणि उत्तर तिला आणून द्या.

ठरलंच तर काकूंसाठी आजपासून एवढं: रोज जिन्याची एक पायरी, कठडा धरून, आधी उजवा पाय मग डावा, पंधरा-पंधरा वेळा, चढताना आणि विशेषतः उतरताना. कमी उंचीच्या स्टुलावरून हात न टेकता उठणं, दहा वेळा. दुखलं तर त्या दिवशी सोडायचं. पाच-सहा महिने हे जमलं, तर होडीची कड त्यांना अडवणार नाही.